थेंब, ढग आणि मामाचा प्रश्न

शुक्रवारी रात्री कोपरखैरण्यात वळीव आला. लाइट गेले, सपोर्टचा कॉल आपोआप मिटला, आणि मी गच्चीवर. पारसिकच्या डोंगरामागे विजांचा नुसता धिंगाणा! तेवढ्यात गावाहून मामाचा फोन. मागच्या वर्षी त्याचा एक बैल लिंबाखाली विजेनं गेला. तेव्हापासून एकच प्रश्न : "भाचेबुवा, तुम्ही इंजिनिअर ना? ही पेटते कशी?"

आजवर काहीबाही ठोकून द्यायचो. या वीकेंडला म्हटलं, बघूच.

तर मंडळी, गोची अशी आहे. जमिनीलगत हवेतून ठिणगी उडायला मीटरला साधारण 30 लाख व्होल्ट लागतात. ढगाच्या उंचीवर हवा विरळ, तिथे निम्मे धरा. पण बलून सोडून मोजलं तर ढगात सहसा एक ते चार लाखच सापडतात. मग वीज पडते कशी?

इथे थेंब मदतीला येतो. डायइलेक्ट्रिक गोळा विद्युतक्षेत्रात ठेवला की त्याच्या आतलं क्षेत्र कमी होतं आणि दोन टोकांशी बाहेरचं वाढतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 80 च्या आसपास, म्हणजे आत उरतो जेमतेम सत्ताविसावा भाग, आणि टोकांशी जवळजवळ तिप्पट! (पावसाचं पाणी थोडंफार वाहकही असतं, पण उत्तर तिपटीच्याच जवळ राहतं.)

बरं, थेंब गोळा राहतोय कुठे? 1925 मध्ये विल्सन आणि टेलर यांनी साबणाचे फुगे विद्युतक्षेत्रात फोडून पाहिले. 1931 मध्ये मॅकीनं पाण्याचे थेंब घेतले : ते लांबट होतात, टोकं निमुळती होतात आणि फुटतात. निमुळत्या टोकाशी क्षेत्र तिपटीच्याही वर जातं.

पुढचा अंक आपल्या पुण्यात, पाषाणला. आयआयटीएममध्ये (1962 ची संस्था) कामरा, साठे आणि अहिर यांनी उभा वाऱ्याचा बोगदा बांधला. त्यावरचा लेख 1986 चा. खालून वारा, वर तरंगणारा थेंब. मोठा थेंब सेकंदाला नऊएक मीटरनं पडतो, तेव्हा वारा तितकाच हवा. च्यायला, काय धीर लागत असेल! अशा तरंगत्या थेंबाला त्यांनी आडवं विद्युतक्षेत्र लावलं. 1993 चा कामरा, भालवणकर, साठे यांचा लेख त्यावरच आहे.

आडवंच का? पडणारा मोठा थेंब अश्रूसारखा नसतो, इडलीसारखा असतो. उभ्या क्षेत्राला आधी त्याचा चपटेपणा मोडावा लागतो. आडवं क्षेत्र त्याला आहे त्याच दिशेनं ताणतं, त्यामुळे कमी क्षेत्रातच काम होतं. शाळेपासून आपण ढगातलं क्षेत्र उभंच काढत आलो, पण ढगात विद्युतभाराचे गठ्ठे शेजारी-शेजारीही असतात.

असो. ढगात वर बर्फही असतो, तेव्हा सगळं थेंबाच्याच माथी मारता येत नाही. त्यावर अजून वाद चालूच आहेत.

रविवारी मामाला हे सगळं सांगितलं. इडलीपाशी तो हसला. मग म्हणाला, "बरं, पण लिंबाखाली बांधायचं की नाही?" नाही म्हटलं. आणि त्याच आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅप त्याच्या पोराच्या फोनवर टाकायला लावलं.