रिंग वाजते, आवाज येत नाही : इंटरनेट दूरध्वनी आणि प्रॉक्सी सर्व्हर

इतवारी, बुधवारी ही नागपूरच्या जुन्या बाजारांची नावे वारांवरून पडली. वारांचे महत्त्व ओसरले, घाऊक व्यापार मात्र टिकून राहिला. सराफा ओळ असो की किराणा ओळ, येथील व्यवहार आजही बराचसा तोंडी चालतो. भाव फोनवर विचारला जातो, सौदा फोनवर ठरतो आणि कागद मागाहून येतो. पेढी इतवारीत आणि मालाचे गोदाम कळमन्याच्या बाजार आवाराकडे, अशी विभागणी असलेल्या व्यापाऱ्याने दोन्ही ठिकाणी ब्रॉडबँडवर चालणारे दूरध्वनी बसवावेत, हे स्वाभाविकच आहे. फोन बसतात, रिंगही वाजते. परंतु रिसीव्हर उचलल्यावर गोदामाला पेढीचा आवाज ऐकू येतो आणि पेढीला गोदामाचा येत नाही. कधी दोन्हीकडे शांतता असते. क्विंटलचा भाव ठरत असताना आकडा एकाच बाजूला ऐकू गेला, तर त्याचा परिणाम काय होतो, हे बाजाराला सांगावे लागत नाही.

अशा वेळी दोष बहुधा फोनचा किंवा लाइनच्या वेगाचा नसतो. तो पत्त्याचा असतो.

इंटरनेट दूरध्वनीत प्रामुख्याने वापरली जाणारी पद्धती ‘सिप’ या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले प्रमाण मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ ने त्याची जागा घेतली. कोलंबिया विद्यापीठातील हेनिंग शुल्झरिन हे तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. सिपचे काम मर्यादित आहे: समोरच्याला शोधणे, रिंग देणे, कॉल स्वीकारला गेल्याचे कळवणे आणि शेवटी तो बंद करणे. प्रत्यक्ष आवाज ‘आरटीपी’ नावाच्या दुसऱ्याच पद्धतीने, वेगळ्या मार्गाने जातो. सिपमधील प्रॉक्सी म्हणजे निरोप पुढे पोहोचवणारा मध्यस्थ संगणक होय. बाजारातील दलाल सौदा जुळवून देतो, मालाचा ट्रक मात्र विक्रेत्याकडून थेट खरेदीदाराकडे जातो. येथेही तसेच आहे. रिंग वाजली म्हणजे केवळ दलालाचा निरोप पोहोचला. ट्रकला रस्ता मिळाला की नाही, हा प्रश्न निराळा.

वाड्याचे एकच दार

रस्ता अडतो तो राउटरपाशी. इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडू लागल्यावर मे १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची, म्हणजे ‘नॅट’ची कल्पना आरएफसी १६३१ मध्ये मांडली गेली आणि १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने खासगी पत्त्यांचे गट निश्चित केले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. असे खासगी जाळे म्हणजे अनेक बिऱ्हाडांचा, एकच दार असलेला वाडा. आतल्या माणसाने बाहेर पाठवलेल्या पत्राच्या पाकिटावर दारवान वाड्याचा पत्ता घालतो आणि उत्तर आले की ते योग्य खोलीत पोहोचवतो. संकेतस्थळे पाहण्यासाठी एवढे पुरते.

सिपची अडचण अशी, की ती पाकिटावरच नव्हे, तर आतल्या पत्रातही पत्ता लिहिते. ‘माझ्याशी बोलायचे तर १९२.१६८.१.२० या पत्त्यावर तुमचा आवाज पाठवा’ असे गोदामाचा फोन पेढीला कळवतो. दारवान पाकीट बदलतो, पत्र उघडत नाही. पेढीचा फोन त्या पत्त्यावर आवाज पाठवू लागतो; पण तो पत्ता वाड्याबाहेर निरर्थक असतो, किंबहुना इतवारीच्या जाळ्यातही त्याच आकड्याचे दुसरेच एखादे यंत्र, कदाचित छपाईयंत्र, बसलेले असते.

काही राउटर पत्र उघडून आतला पत्ता दुरुस्त करू पाहतात. या सोयीला ‘सिप एएलजी’ म्हणतात. हेतू चांगला, पण अनेक स्वस्त राउटरांत ती अर्धवट दुरुस्ती करून गोंधळ वाढवते, म्हणून प्रॉक्सी वापरायचा असेल तर ती प्रथम बंद करणे इष्ट. मार्च २००३ मध्ये आलेल्या ‘स्टन’ पद्धतीत फोन बाहेरच्या सर्व्हरला ‘मी बाहेरून कसा दिसतो’ असे विचारतो आणि मिळालेला पत्ता पत्रात लिहितो. प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळे दार उघडणाऱ्या राउटरपुढे मात्र स्टन निष्प्रभ ठरते.

प्रॉक्सी कोठे ठेवावा

खात्रीचा उपाय म्हणजे प्रॉक्सीच्या जोडीला आवाज पुढे पाठवणारी ‘रिले’ व्यवस्था उभी करणे. दलालाने मालही आपल्याच गोदामातून न्यावा, तसे हे आहे. दोन्ही फोन स्वतःहून बाहेर जाऊन रिलेला भेटतात, त्यामुळे दोन्हीकडचे दारवान वाट देतात.

ही यंत्रणा कार्यालयाच्या सीमेवर, एक पाय आत व एक पाय बाहेर अशी ठेवता येते. ‘सिपरॉक्सडी’ हा छोटा प्रोग्राम याच कामासाठी आहे. पण त्यासाठी त्या जागेला स्वतःचा सार्वजनिक पत्ता हवा. येथेच आज अनेकांची फसगत होते. पुष्कळ ब्रॉडबँड कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातला पत्ता दिसला, तर तो एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने अशा सामायिक वापरासाठी राखून ठेवलेला आहे, असे समजावे. म्हणजे वाड्याबाहेर आणखी एक कोट आहे आणि त्याची किल्ली ग्राहकाकडे नाही. मग राउटरमध्ये कितीही दारे उघडली तरी उपयोग होत नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा किंवा प्रॉक्सी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावा.

भाड्याचा सर्व्हर शक्यतो देशातच घ्यावा. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. इतवारीचा आवाज अमेरिकेला जाऊन कळमन्यात उतरू लागला, तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि दोघेही एकमेकांचे बोलणे तोडत राहतात.

प्रॉक्सीसाठी ‘कामाइलिओ’ हा मुक्त प्रोग्राम प्रसिद्ध आहे. ‘ओपनसर’ला २००८ मध्ये हे नाव मिळाले. त्याच्याबरोबर आवाजासाठी ‘आरटीपीइंजिन’ किंवा ‘आरटीपीप्रॉक्सी’ चालवतात. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले ‘अ‍ॅस्टरिस्क’ हा काटेकोर अर्थाने प्रॉक्सी नव्हे. ते स्वतःच दोन्ही बाजूंशी स्वतंत्र कॉल करणारे एक्स्चेंज आहे. पाच-दहा फोनांच्या पेढीला मात्र तेच अधिक सोयीचे.

मांडणी करताना सिपसाठी ५०६० हे यूडीपी पोर्ट आणि आवाजासाठी ठरावीक पोर्टांचा पट्टा, अ‍ॅस्टरिस्कमध्ये प्रथेने १०,००० ते २०,०००, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडावा लागतो. फोन थेट एकमेकांना आवाज पाठवणार नाहीत, अशी सूचना सर्व्हरला द्यावी. प्रत्येक फोनने साधारण दर अर्ध्या मिनिटाला प्रॉक्सीकडे एखादा रिकामा निरोप पाठवत राहावे, नाहीतर राउटर उघडलेली वाट विसरतो आणि बाहेरून येणारा कॉल पोहोचत नाही. आवाजाच्या जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका दिशेला, वेष्टणासह, सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात. रिलेतून दोन्ही बाजूंचा आवाज आत येऊन बाहेर जातो. म्हणजे एका वेळी दहा कॉल चालायचे तर सर्व्हरला आत १.६ आणि बाहेर १.६ मेगाबिट क्षमता हवी. ही गरज मामुली आहे.

चाचणी दोन्ही दिशांनी करावी आणि घाईने फोन ठेवू नये. कॉल बरोबर ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल तर ते मोलाचे लक्षण आहे: फोन उचलल्याची पोच परत पोहोचत नाही, आणि सिपच्या नियमानुसार वाट पाहण्याची मुदत तेवढीच आहे. दोष प्रॉक्सीच्या पत्त्याच्या नोंदीत शोधावा, आवाजाच्या पोर्टांत नव्हे.

सार्वजनिक पत्त्यावर प्रॉक्सी सुरू होताच ५०६० क्रमांकाच्या पोर्टावर अनोळखी यंत्रांची टकटक सुरू होते. १०१ क्रमांकाच्या फोनचा पासवर्डही १०१ असेल तर तो सापडायला वेळ लागत नाही. आणि सर्व्हरला बाहेरची दूरध्वनी सेवा जोडलेली असेल तर एका रात्रीत परदेशी महागड्या क्रमांकांवर कॉल होऊन बिल मालकाच्या नावे येते. लांब पासवर्ड, केवळ नोंदलेल्या फोनांनाच परवानगी, परदेशी कॉल बंद आणि शक्य तेथे कूटबद्ध संवाद, एवढे पहिल्याच दिवशी करावे.

कायद्याची बाजूही आहे. भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात मुभा मिळाली; २०१८ मध्ये परवानाधारक दूरसंचार कंपन्यांना ती सेवा सर्वसामान्य क्रमांकांशी जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. स्वतःच्या दोन जागांमधील अंतर्गत बोलणे आणि इंटरनेटवरून आलेले परक्यांचे कॉल स्थानिक क्रमांकांवर सोडणे यांत मोठा फरक आहे. दुसरा प्रकार परवान्याशिवाय केल्यास ते बेकायदा एक्स्चेंज ठरते.

दोनच जागा आणि तीन-चार फोन असतील तर हा खटाटोप न करता दोन राउटरांमध्ये व्हीपीएनचा बोगदा टाकणे सोपे. मग दोन्ही वाडे एकच होतात आणि रूपांतराचा प्रश्नच उरत नाही, फक्त दोन्हीकडचे खासगी पत्ते एकसारखे नसावेत आणि निदान एका टोकाला सार्वजनिक पत्ता असावा. प्रॉक्सी खरा उपयोगी पडतो तो फिरते विक्रेते, घरून काम करणारे मुनीम आणि बाहेरगावच्या शाखा जोडायच्या असतील तेव्हा. यंत्रणा कोणतीही असो, राउटर, फोन आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर घ्यावी लागते. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे. नागपूरच्या मे महिन्यात वीज गेल्यावर इंटरनेट फोन मात्र पंख्याबरोबरच बंद पडतो.