विजापूरची तंबाखू आणि हुक्क्याचे पाणी

गुडगुडीच्या पाण्यातून आलेला धूर निर्मळ होतो, या समजुतीचा माग काढू लागले की पावले प्रथम विजापूरकडे वळतात. अकबराचा दूत असद बेग इ. स. १६०३-०४ च्या सुमारास आदिलशाही दरबारी आला होता. त्याने पूर्वी कधी न पाहिलेली तंबाखू त्याला येथे आढळली. परतल्यावर ती, एका रत्नजडित नळीसह, त्याने आग्र्यास बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने मात्र हरकत घेतली : ज्या वस्तूविषयी आपल्या वैद्यकग्रंथांत काही लिहिलेले नाही, ती बादशहास कशी द्यावी? असद बेगचे म्हणणे असे की, फिरंगी काही मूर्ख नव्हेत. आणि प्रत्येक वस्तू आरंभी अपरिचितच असते. हा वृत्तांत त्यानेच लिहून ठेवल्यामुळे वादात त्याची सरशी व्हावी, हे ओघानेच आले! अकबराने व्यसन धरले नाही, सरदारांनी धरले. जहांगिराची १६१७ ची मनाईही टिकली नाही.

धूर पाण्यातून नेण्याची युक्ती हकीम अबुल फतह गिलानी याची, असे सांगतात. तो १५८९ मध्येच निवर्तला होता. असद बेगने दरबारात तंबाखू आणली ती त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. ही कथा जशीच्या तशी स्वीकारणे आम्हांस जड जाते. मात्र हकिमाचे नाव जोडले गेल्याने हुक्क्याला निरुपद्रवीपणाची प्रतिष्ठा मिळाली असावी. पुढे त्याचे बिदरी बैठे घडले, नेचे लांबले, सरदारांच्या पदरी हुकाबरदार आले. हकिमाची शंका मागे पडली.

वास्तविक पाणी धूर गार करते, काही द्रव्ये थोडीफार अडवते, एवढेच. घशाला चटका बसत नाही म्हणून झुरका अधिक खोल जातो. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जडतो. असा प्राणवायू तुटपुंजा मिळत असतानाच निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. धुरातील सूक्ष्म कण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. सिगारेट आठ-बारा झुरक्यांत संपते. हुक्क्याची बैठक मात्र २० ते ८० मिनिटे चालते आणि तीत ५० ते २०० झुरके घेतले जातात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये नमूद केले.

योगायोग असा की, गिलान हा कास्पियन समुद्राकाठचा प्रदेश आणि हुक्का व हृदयविकार यांचा एक मोठा अभ्यास झाला तो त्याच समुद्राच्या पूर्वेकडील, इराणच्याच गोलेस्तान प्रांतात. २००४ ते २००८ या काळात तेथे सुमारे ५०,००० प्रौढांची नोंदणी झाली. हुक्का सर्वाधिक ओढणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य; पण शंकेला आता आधार आहे.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी घातली; २०२४ मध्ये तेलंगणाने आणि विजापूर ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकाने. त्यावर तंबाखूविरहित ‘हर्बल’ हुक्क्याची पळवाट काही जण सुचवतात. त्याच्याही चिलमीवर निखारा कोळशाचाच असतो.