आवडता रंग? अ‍ॅनिलिन सोडून कुठलाही

गेल्या महिन्यात ऑफिसात आमची नवीन टीम झाली आणि एच.आर.नं सगळ्यांना एक फॉर्म पाठवला. 'जरा गंमत म्हणून' भरायचा. आवडता पदार्थ, आवडता रंग, तुमचा हिरो कोण, सकाळी उठायची प्रेरणा कशातून मिळते, वगैरे. अठरा जणांपैकी अकरा जणांचे हिरो 'माझे वडील' निघाले. प्रेरणा अर्थातच 'रोज नवीन काहीतरी शिकण्याची जिद्द'. त्या अकरांत मीही होते. (खरं सांगायचं तर सकाळी मला उठवते ती दूधवाल्याची बेल. पण ते फॉर्मवर कोण लिहितंय!)

त्याच शनिवारी डोंबिवलीला बाबांकडे गेले होते. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, त्यामुळे माळे रिकामे करणं चालू आहे. तिथे माझं दहावीचं स्लॅमबुक सापडलं, २००२ सालचं. स्केचपेनची नक्षी, चिकटवलेल्या टिकल्या, 'फ्रेंड्स फॉरेव्हर' लिहिणाऱ्या आणि आता आडनावंही न आठवणाऱ्या मैत्रिणी... आणि मध्येच एका पानावर बाबांचं तिरकं, लेजरछाप अक्षर. हट्टानं भरून घेतलेलं पान होतं ते. बाबा इथल्याच एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. आवडता रंग या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'कुठलाही. फक्त आमच्याकडचा नको.'

हे उत्तर आपण आधी कुठेतरी वाचलंय असं दिवसभर वाटत राहिलं. रात्री आठवलं. एंगल्स! तोच तो, मार्क्सचा दाढीवाला जोडीदार.

तर त्याची गोष्ट अशी. आपल्याला स्लॅमबुक ही नव्वदच्या दशकातली भानगड वाटते, पण इंग्लंडात १८६० च्या दशकात हा खेळ घरोघरी चालायचा. त्याला 'कन्फेशन्स' म्हणत, म्हणजे कबुलीजबाब. वहीची मालकीण बहुधा घरातली तरुण मुलगी. घरी येईल त्याच्यापुढे वही सरकवायची आणि ठरलेले वीस-एक प्रश्न विचारायचे: आवडता गुण, आवडता कवी, हिरो, हिरॉइन, सुखाची कल्पना, दुःखाची कल्पना, ब्रीदवाक्य. पुढे हे प्रश्न छापलेल्या तयार वह्याही बाजारात मिळायला लागल्या.

मार्क्सच्या मुली, जेनी आणि लॉरा, विशीच्या आसपास होत्या. १८६५ साली त्यांनी बापाकडूनही पान भरून घेतलं. (त्याच वर्षी हॉलंडात झाल्टबॉमेलला मावसबहिणीनं, नानेट फिलिप्सनंही, त्याच्याकडून आपलं पान भरून घेतलं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? तिच्या भावानं आणि भाच्यानं १८९१ मध्ये दिव्यांचा जो कारखाना काढला तोच आपला फिलिप्स. भांडवलशाहीचा कर्दनकाळ आणि तुमच्या घरातली ट्यूबलाइट, नात्यातले!)

मार्क्स तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा. 'कॅपिटल' छापून यायला अजून दोन वर्षं होती. त्याची उत्तरं बघा. सुख म्हणजे? लढणं. दुःख? शरण जाणं. सगळ्यात जास्त चीड कशाची? लाचारीची. हिरो? स्पार्टाकस आणि केप्लर. आवडता रंग लाल. ब्रीदवाक्य, प्रत्येक गोष्टीवर शंका घ्या. म्हणजे पान म्हणावं तर पान, पोस्टर म्हणावं तर पोस्टर. पण मधूनच घर डोकावतं. आवडती नावं: लॉरा, जेनी. वही ज्यांच्या हातात त्यांचीच! (जेनी बायकोचंही नाव, म्हणजे एका दगडात तीन पक्षी. दहा वर्षांच्या धाकट्या एलिनॉरला काय वाटलं असेल ते असो.) मार्टिन टपर नावाचा एक गोडगोड उपदेश करणारा, तुफान खपणारा कवी तेव्हा होता, त्याचं नाव 'तिटकारा'समोर आहे. आणि आवडता पदार्थ मासे. आपला माणूस.

एक उत्तर मात्र खटकतं. बाईमधला आवडता गुण: दुबळेपणा. हे चक्क मुलींच्या वहीत! चेष्टा होती असं पुष्कळ जण म्हणतात, असेलही. माझ्या बाबांनी लिहिलं असतं तर मी पान फाडलं असतं. पाचच वर्षांनी थोरल्या जेनीनं आयरिश राजकीय कैद्यांच्या हालांवर टोपणनावानं पॅरिसच्या एका पेपरात लेख लिहून इंग्लंडच्या सरकारला चांगलंच अडचणीत आणलं. बापाच्या उत्तराला त्यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही.

आता एंगल्स. जेनीच्या वहीत तो १८६८ च्या एप्रिलमध्ये, लॉराच्या लग्नासाठी लंडनला आला तेव्हा सापडला. हा माणूस मँचेस्टरच्या एका सूतगिरणीच्या फर्ममध्ये आधी कारकून, मग भागीदार होता. दिवसभर ऑफिस, आणि त्या पगारा-नफ्यातून मार्क्सच्या घरी पैसे पाठवायचे. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा साइड प्रोजेक्ट डे जॉबवर पोसणारा माणूस! मनातून त्या धंद्याला तो विटलेला होता.

त्याचं पान मार्क्सच्या अगदी उलट. सुख? शातो मार्गो वाइन, १८४८ सालची. (१८४८ हे युरोपातल्या क्रांत्यांचं वर्ष. एका ओळीत वाइनही आणि बंडही.) दुःख? दाताच्या डॉक्टरकडे जाणं. बाईमधला गुण? वस्तू कुठेतरी ठेवून न विसरणं. स्वभावाचं मुख्य लक्षण? प्रत्येक गोष्ट अर्धीमुर्धी माहीत असणं. हिरो कोणी नाही, हिरॉइनी मात्र इतक्या की एकीचं नाव कसं घेऊ! ब्रीदवाक्य: आरामात घ्या. आणि आवडता रंग: अ‍ॅनिलिनचा नसेल तो कुठलाही.

इथे माझं घोडं अडलं होतं. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा डांबरापासून मिळणाऱ्या अ‍ॅनिलिनवर प्रयोग करत होता. बनवायचं होतं मलेरियावरचं क्विनीन, हाती लागला जांभळा रंग. मग एकापाठोपाठ एक असे भडक, स्वस्त कृत्रिम रंग निघाले आणि दहा वर्षांत रस्त्यावरचे कपडे बदलून गेले. एंगल्स राहायचा ते शहरच सूत आणि कापडावर जगणारं. म्हणजे त्याच्या उत्तरात नुसता चोखंदळपणा नाही, सुटी मागणारा माणूस आहे, असं आपलं माझं मत. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, तो त्या धंद्यातून सुटला. एलिनॉर तेव्हा त्याच्याकडे राहायला होती. सकाळी बूट चढवताना तो 'शेवटचं!' म्हणून ओरडला आणि काही तासांनी शेतातून काठी फिरवत, गाणं म्हणत परतला, अशी तिची आठवण आहे.

मार्क्सचं पान वाचून मार्क्सबद्दल आधी माहीत होतं तेच पुन्हा कळतं. एंगल्सच्या थट्टेतून मात्र तो माणूस रोज सकाळी कुठे जायचा आणि त्याला तिथे कसं वाटायचं ते कळतं. आमच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये नेमकं हेच नव्हतं. तिथे सगळेच मार्क्स, तेही स्पार्टाकसशिवाय.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, अगं, याला तर 'प्रूस्तची प्रश्नावली' म्हणतात. बरोबर. १९९३ पासून अमेरिकेतल्या 'व्हॅनिटी फेअर' मासिकानं याच नावाखाली बड्या लोकांना हे प्रश्न विचारले. पण मार्सेल प्रूस्तनं प्रश्न काढलेच नव्हते, त्यानं फक्त उत्तरं दिली. १८८६-८७ च्या सुमारास आंत्वानेत फोर या मैत्रिणीच्या छापील इंग्रजी वहीत. (तिचे वडील पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.) पोरगा पंधरा-सोळाचा, त्यामुळे शायनिंग भरपूर. हिरोंच्या यादीत सॉक्रेटिस, पेरिक्लीस वगैरे. पण सगळ्यात मोठं दुःख कोणतं, तर आईपासून दूर होणं. समवयस्क मुलीच्या वहीत सोळा वर्षांच्या मुलानं हे लिहायला काय धाडस लागतं ते दहावीचं स्लॅमबुक भरलेल्यांनाच कळेल.

काही वर्षांनी, विशीत, त्यानं असंच दुसरं पान भरलं. मधल्या काळात, १८९० मध्ये, त्याची आजी गेली होती. या वेळी सगळ्यात मोठं दुर्दैव काय असतं, तर आई आणि आजी माहीतच नसणं. आधी दूर जाण्याची भीती होती, आता निदान त्या भेटल्या तरी, असं. खऱ्या जगातले हिरो सॉक्रेटिसवरून उतरून शाळेतल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांवर, मस्य दार्लूंवर, आले होते. आणि सध्याची मनःस्थिती? ही उत्तरं द्यायला स्वतःबद्दल विचार करावा लागला, त्याचा कंटाळा.

पहिलं पान २००३ मध्ये पॅरिसला लिलावात लाखाहून जास्त युरोंना गेलं. पण मला जास्त मोलाची वाटते ती दोन पानांची जोडी. एकाच माणसाची, काही वर्षांच्या अंतरानं.

म्हणून रविवारी सकाळी चहा घेताना बाबांसमोर स्लॅमबुक ठेवलं. शेवटची चार पानं कोरी होती. म्हटलं, परत भरा. त्यांनी चष्मा लावून जुनं पान वाचलं.

"हे मी लिहिलंय?"

"अक्षर तुमचंच आहे."

सुखाची कल्पना या प्रश्नापुढे तेव्हा लिहिलं होतं, 'फर्स्ट शिफ्ट'. दुःखाची कल्पना: 'थर्ड शिफ्ट'. हिरो: 'आठ-चौदाच्या लोकलचा मोटरमन'. बाबा स्वतःशीच हसले आणि वही माझ्याकडे सरकवली.

"तूच लिही. मी सांगतो. सगळं तेच ठेव."

"बाबा, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. शिफ्ट कसली ठेवू?"

"ठेव गं. रंग तेवढा बदल. लाल लिही."

"लाल? का?"

"आमच्या प्लँटला लाल कधी निघालाच नाही. निळा आणि काळा, बस."