वेगळी ठेवलेली प्रत
(संगणक-विषाणूंच्या इतिहासातून एक धडा)

जीवशास्त्रातील विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. सजीव पेशीत शिरून, तिचीच यंत्रणा वापरून तो आपल्या प्रती काढतो. संगणकातील विषाणूचेही तसेच आहे. तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला चिकटतो आणि तो प्रोग्रॅम चालला की स्वतःची प्रत पुढे पाठवतो. फरक एवढाच, की हा विषाणू निसर्गात उत्पन्न होत नाही. कुणीतरी बसून तो लिहिलेला असतो.

नव्वदच्या दशकात नागपुरात आमच्या पिढीने शाळेत संगणक पाहिला, तेव्हा त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ आत येऊ नये म्हणून ते ठीकच होते. पण विषाणू चपलांबरोबर येत नसे. तो खिशातल्या फ्लॉपीतून येत असे.

हे कसे घडे, ते ‘ब्रेन’ या विषाणूवरून समजते. आयबीएमच्या धर्तीच्या पीसीवर पसरलेला हा पहिला ज्ञात विषाणू. 1986 साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला. त्यात त्यांनी आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! प्रत्येक फ्लॉपीच्या आरंभी ‘बूट सेक्टर’ नावाचा छोटा भाग असतो. फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला, तर यंत्र सर्वांत आधी हा भाग वाचते आणि त्यातील आज्ञा पाळते. ब्रेन नेमका तिथे जाऊन बसे. मूळ मजकूर तो दुसरीकडे हलवी आणि ती जागा खराब असल्याची खूण करून ठेवी. अशा फ्लॉपीत केवळ पत्रे आणि गुणपत्रके असली, तरी ती चुकून आत राहिली आणि संगणक सुरू केला की विषाणू स्मृतीत शिरलाच. त्यानंतर घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला तो लागे.

यावर एक साधा उपाय फ्लॉपीतच होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला खाच असे. तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली, की फ्लॉपी वाचता येई, पण तिच्यावर लिहिता येत नसे. ही तपासणी प्रोग्रॅम करत नसून फ्लॉपी चालवणारे यंत्रच करत असल्यामुळे विषाणूला ती चुकवता येत नसे. ही चिकटपट्टी लक्षात ठेवा; पुढे तिचा संबंध येणार आहे.

1991 साली ऑस्ट्रेलियात ‘मायकेलॅन्जेलो’ हा विषाणू सापडला. तो वर्षभर गप्प राही आणि 6 मार्चला संगणक सुरू केला, तर हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक अक्षरे लिहून टाकी. 6 मार्च हा त्या शिल्पकाराचा जन्मदिवस. विषाणूला नाव मिळाले ते त्यावरून. 1992 च्या 6 मार्चला लाखो संगणक निकामी होतील, अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात हानी हजारांच्या घरातच राहिली. पण ज्यांच्या फाइली गेल्या, त्यांना हा हिशेब काय दिलासा देणार?

आपल्या महाराष्ट्रातील एक कथा याच काळातली आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीला संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांतील अनेकांचे दुखणे तारांत किंवा चकत्यांत नसून विषाणूत असल्याचे दिसे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलॅन्जेलोसारखे विषाणू काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 1995 साली ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर बाजारात आले.

असे सॉफ्टवेअर काम कसे करते? प्रत्येक ज्ञात विषाणूत आज्ञांची एक ठराविक मालिका असते. ती त्याची ओळखखूण. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल चाळते आणि खूण जुळली की इशारा देते. पोलिसांनी बोटांचे ठसे ताडून पाहावेत, तसेच हे. पण ज्याचा ठसा दप्तरी नाही, तो चोर यातून सुटतो. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅमच्या संशयास्पद वागणुकीवरही नजर ठेवली जाते.

मग कोणताही विषाणू अचूक ओळखणारे सॉफ्टवेअर कधीतरी बनेल का? अमेरिकेतील संशोधक फ्रेड कोहेन यांनी 1984 सालीच याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. त्यांची युक्ती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. समजा, असा अचूक परीक्षक बनला. आता एक प्रोग्रॅम लिहू, जो त्या परीक्षकालाच विचारेल, “मी विषाणू आहे का?” उत्तर ‘हो’ आले, तर तो गप्प बसेल. ‘नाही’ आले, तर तो पसरू लागेल. दोन्ही वेळा परीक्षक चुकला! म्हणजे पहारा कितीही चांगला असला, तरी तो अभेद्य असू शकत नाही.

27 जून 2017 रोजी हे जगाला महागात पडले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत ‘नॉटपेट्या’ पसरला. वरकरणी तो खंडणी मागत होता. पण फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि तिच्या समूहाकडे असलेले न्हावा शेवा बंदरातील एक टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीने पुढे सुमारे 45,000 संगणक नव्याने उभे केले. यंत्रे मिळाली, अडले ते एका माहितीपाशी. कंपनीच्या जाळ्याचा सारा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधील एकच. का? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती!

विदर्भात भारनियमनाने अनेकांची कामे अडवली आहेत. तिथे मात्र वीज नसण्यानेच काम वाचले. सव्वापाच इंची फ्लॉपीवरची चिकटपट्टी आणि घानामधील बंद सर्व्हर यांचे तत्त्व एकच आहे. जिथे लिहिताच येत नाही, तिथे विषाणू पोहोचत नाही.

आज शिक्षकाच्या संगणकात निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांची माहिती आणि घरची छायाचित्रे असतात. संगणक पुन्हा विकत घेता येतो. हे घेता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. प्रत काढून झाली की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी; कायम जोडून ठेवलेली प्रत मूळ फाइलीबरोबरच जाते. इंटरनेटवर आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरवरही पूर्ण विसंबू नये, कारण बिघडलेली फाइलही तिथे तितक्याच तत्परतेने जुळवली जाते. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हवर फाइलींऐवजी नुसते शॉर्टकट दिसले, तर त्यांवर क्लिक करू नये आणि घाईने फॉरमॅटही करू नये. पुष्कळदा मूळ फाइली फक्त लपवलेल्या असतात.

सहामाही परीक्षेचे गुण भरून झाले की एक छोटा प्रयोग करावा. वेगळ्या ठेवलेल्या प्रतीतून एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडली, तरच ती प्रत आहे असे समजावे.