सुकाणू धरणारा हात तुटतो तेव्हा : एकट्या खलाशांच्या स्वयंसुकाणूचा इतिहास (दीर्घ धागा)

१/२३
१९६८ सालचा उत्तरार्ध. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचा खवळलेला समुद्र. जेमतेम ३२ फूट लांबीच्या एका सागवानी शिडाच्या नौकेवर २९ वर्षांचा एक खलाशी एकटाच आहे. त्याचा बिनतारी संच केव्हाच बंद पडला आहे, आणि आता नौकेला आपोआप दिशेवर ठेवणारी यंत्रणाही मोडली आहे. अर्धी पृथ्वी अजून उरली आहे.

२/२३
नौकेचे नाव ‘सुहैली’, खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नौका बांधली होती आपल्या मुंबईत, कुलाब्याला. मोडलेले स्वयंसुकाणू दुरुस्त करावे, बदलावे, की त्याच्याविना पुढे जावे? आजच्या धाग्यात या एका प्रश्नाचा इतिहास पाहू. प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

३/२३
प्रथम अडचण समजून घेऊ. शिडाची नौका क्वचितच आपणहून सरळ जाते. वारा शिडांना ढकलतो, लाटा तिची मागची बाजू फिरवतात, आणि सुकाणूच्या दांड्यावर सतत कोणाचा तरी हात असावा लागतो. तांड्यात माणसे असली तर पाळ्या लावता येतात. एकट्या माणसाला मात्र झोपही घ्यायची असते, अन्नही शिजवायचे असते, फाटलेले शीडही शिवायचे असते.

४/२३
म्हणून एकट्याने दूरवर जाणाऱ्या खलाशाच्या दृष्टीने स्वयंसुकाणू म्हणजे दुसरा खलाशीच. अनेकांनी या यंत्रणेला माणसासारखी नावे दिली. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी आपल्या पहिल्या यंत्रणेस ‘मिरांडा’ म्हटले, तर नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या यंत्रणेस ‘अ‍ॅडमिरल’. हा दुसरा खलाशी आजारी पडला की पहिल्याची झोप संपते.

५/२३
या परंपरेचा आरंभ यंत्राविना झाला. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. इतिहासातील ही पहिली एकल प्रदक्षिणा. त्यांच्याकडे स्वयंसुकाणू नव्हते. ते शिडे नेमकी लावत, सुकाणू दोराने बांधून ठेवत आणि खाली जाऊन वाचत बसत.

६/२३
ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातील कीलिंग (कोकोस) बेटांपर्यंतचा सुमारे २,७०० मैलांचा प्रवास ‘स्प्रे’ने २३ दिवसांत केला. त्यात स्लोकम प्रत्यक्ष सुकाणूवर जेमतेम ३ तास होते, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. नौकेचा लांब कणा आणि शिडांचा समतोल हेच त्यांचे यंत्र. हा तपशील ध्यानात ठेवा. धाग्याच्या शेवटी तो पुन्हा लागेल.

७/२३
मोठ्या जहाजांचा मार्ग निराळा होता. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या स्वयंचलित दिशानियंत्रणाचे गणित मांडले. कुशल सुकाणूधारक काय करतो याकडे त्यांनी लक्ष वेधले : आत्ता दिशा किती चुकली आहे, आतापर्यंतची चूक किती साठली आहे आणि ती किती वेगाने वाढते आहे, या तिन्हींचा तो विचार करतो.

८/२३
आजही ड्रोनपासून कारखान्यांतील भट्ट्यांपर्यंत असंख्य यंत्रांत हेच त्रिसूत्र वापरले जाते. त्याच दशकात एल्मर स्पेरी यांची भोवरायंत्रावर चालणारी स्वयंसुकाणूयंत्रे व्यापारी जहाजांवर बसू लागली. परंतु त्यांना वीज हवी, जागा हवी, पैसा हवा. छोट्या शिडाच्या नौकेकडे यांपैकी काहीच नव्हते. तिच्याकडे होता तो फक्त वारा.

९/२३
म्हणून उत्तरही वाऱ्यातूनच निघाले. वाड्याच्या छतावरील वातकुक्कुट आठवा. तो नेहमी वाऱ्याकडे तोंड करतो. तसेच एक हलके पाते नौकेच्या मागील टोकास बसवले आणि ते सुकाणूला जोडले तर? नौका वळली की पात्यावर वारा तिरका पडतो, पाते कलते आणि ते कलणे सुकाणूला उलट दिशेने फिरवते. नौका पुन्हा वाटेवर येते.

१०/२३
अडचण एकच : लहान पात्याची ताकद मोठे सुकाणू फिरवण्यास पुरत नाही. ब्रिटिश नौसैनिक अधिकारी ‘ब्लाँडी’ हॅसलर यांनी विकसित केलेल्या रचनेत पाते सुकाणूला हातच लावत नाही. ते पाण्यात लोंबणारे एक अरुंद वल्हे किंचित पिळते. नौकेच्या वेगामुळे वाहणारे पाणी त्या वल्ह्याला जोराने बाजूला ढकलते, आणि तो जोर दोरांवाटे सुकाणूच्या दांड्यापर्यंत जातो. वारा दिशा सांगतो, मेहनत पाणी करते.

११/२३
हॅसलर यांच्याच कल्पनेतून १९६० साली प्लिमथ ते न्यूयॉर्क ही एकट्या खलाशांची पहिली अटलांटिक शर्यत झाली. चिचेस्टर ४० दिवसांत पोहोचून पहिले आले, तर हॅसलर ४८ दिवसांत दुसरे. स्वयंसुकाणू असेल तर एकटा माणूसही महासागरात शर्यत करू शकतो, हे सिद्ध झाले. आता प्रश्न पुढचा : तेच मोडले तर?

१२/२३
त्याचे पहिले प्रसिद्ध उत्तर १९६६ सालचे. ६५ वर्षांचे चिचेस्टर ‘जिप्सी मॉथ ४’ घेऊन प्लिमथहून सिडनीला निघाले होते. नोव्हेंबरमध्ये, सिडनी अद्याप सुमारे २,३०० मैल दूर असताना, त्यांचे स्वयंसुकाणू मोडले. समुद्रावर दुरुस्त होण्यासारखे ते नव्हते. प्रथम त्यांनी सिडनीचा नाद सोडून जवळच्या फ्रीमँटल बंदराकडे मोर्चा वळवला.

१३/२३
मग त्यांनी नौकेवरील सामानाकडे नव्या नजरेने पाहिले. एक लहान शीड उभारून त्याचा दोर कप्प्यांवरून सुकाणूच्या दांड्याशी जोडला. नौका वळली की त्या शिडावरील ताण बदलायचा आणि दांडा आपोआप हलायचा. पाते गेले, तर शीडच पाते झाले. चिचेस्टर फ्रीमँटलला वळले नाहीत. १०७ दिवसांच्या प्रवासानंतर १२ डिसेंबर १९६६ रोजी ते सिडनीला पोहोचले.

१४/२३
सिडनीत त्यांना दुरुस्तीची संधी मिळाली. मे १९६७ मध्ये ते प्रदक्षिणा पूर्ण करून प्लिमथला परतले. आता एकच आव्हान शिल्लक होते : कोठेही न थांबता प्रदक्षिणा. १९६८ साली ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. करंडकासाठी अट कडक होती. बंदरात थांबायचे नाही, बाहेरची मदत घ्यायची नाही. म्हणजे जे मोडेल ते जवळ असेल त्यातूनच सांधायचे.

१५/२३
नऊ जण निघाले. त्यांपैकी तिघांच्या स्वयंसुकाणूंची तुलना केली की त्यांची प्रकृतीही उलगडते. पहिले, फ्रान्सचे बर्नार्ड मॉइतेसिए. त्यांच्या पोलादी ‘जोशुआ’ नौकेचे नाव स्लोकम यांच्यावरूनच ठेवलेले. त्यांची यंत्रणा अत्यंत साधी होती : सुकाणूच्या मागच्या कडेला एक छोटी झडप आणि ती फिरवणारे हलके पाते. पाते मोडले तर ते फेकून दुसरे लावायचे. जो भाग मोडणारच, तो स्वस्त आणि सुटा ठेवायचा, हे त्यांचे सूत्र.

१६/२३
दुसरे, डोनाल्ड क्रोहर्स्ट. विद्युत अभियंता, बुद्धिमान, कल्पक. नौका नवी आणि तयारी घाईची. ३१ ऑक्टोबर १९६८ या मुदतीच्या अखेरच्या दिवशी ते निघाले. थोड्याच दिवसांत त्यांच्या हॅसलर पद्धतीच्या स्वयंसुकाणूचे स्क्रू थरथरीने सैल होऊन समुद्रात पडू लागले. बदलायला सुटे स्क्रू नव्हते. एका ठिकाणचे काढून दुसऱ्या ठिकाणी लावण्याची वेळ आली.

१७/२३
हे संकट लहान होते, पण एकटे नव्हते. नौकेत पाणी शिरत होते, आणि दुरुस्तीचे बरेच साहित्य किनाऱ्यावरच राहिले होते. क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच रेंगाळले आणि बिनतारी संदेशांतून प्रदक्षिणेची खोटी स्थाने कळवत राहिले. मार्च १९६९ मध्ये ते नियम मोडून अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी गुपचूप उतरले. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका निर्मनुष्य सापडली. ते पुन्हा कधीच दिसले नाहीत.

१८/२३
एका स्क्रूमुळे माणूस बुडाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कर्ज, प्रसिद्धी आणि माघार घेण्याची लाज ही कारणे अधिक खोल होती. तथापि त्यांच्या नौकेवर सापडलेल्या नोंदवह्या वाचताना एक गोष्ट जाणवते. दुरुस्ती अशक्य होत गेली, आणि ते मान्य करण्याऐवजी त्यांनी नकाशाच बदलला. यंत्र नादुरुस्त असल्याचे स्वतःशी कबूल करणे ही दुरुस्तीची पहिली पायरी असते.

१९/२३
तिसरे, नॉक्स-जॉन्स्टन. ‘सुहैली’ मुंबईत भारतीय सुतारांनी सागवानात बांधली होती. वाकसासारख्या पारंपरिक हत्यारांवर त्यांचा हात बसलेला होता. आराखडा जुन्या वळणाचा : लांब कणा, जड बुडखा, मंद चाल. शर्यतीतील इतर काही नौकांपुढे ती बैलगाडीच वाटावी. सप्टेंबर १९६८ मध्ये केप ऑफ गुड होपच्या पुढे तिला लाटेने आडवे केले, तेव्हापासून ‘अ‍ॅडमिरल’ची प्रकृती खालावत गेली.

२०/२३
ते सांधत राहिले. तरी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस पोहोचेपर्यंत यंत्रणा कायमची गेली. मेलबर्न जवळ होते आणि माघार घेण्यास कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मार्गदर्शक बोटीकडे आपली पत्रे सोपवली आणि पुढची वाट धरली. आता करायचे काय? तर स्लोकम यांनी केले तेच : शिडे कमी-जास्त करून समतोल साधायचा, सुकाणू बांधायचे आणि मिळेल तेवढी झोप घ्यायची. वारा बदलला की उठायचे, पुन्हा सगळे जुळवायचे.

२१/२३
‘सुहैली’ने ते मानले. १७ जानेवारी १९६९ रोजी तिने केप हॉर्न ओलांडले आणि २२ एप्रिल रोजी, ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला परतली. नऊ नौकांपैकी शर्यत पूर्ण करणारी ती एकटीच. एकट्याने, विनाथांबा केलेली ही इतिहासातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. बक्षिसाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

२२/२३
कथा येथे संपत नाही. २०१८ साली जुन्या तंत्राच्या अटीवर ही शर्यत पुन्हा सुरू झाली : उपग्रह दिशादर्शक नाही, विजेचे स्वयंसुकाणू नाही, केवळ वाऱ्याचे पाते. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्या आराखड्यावर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन उतरले. वादळात डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, त्यांना वाचवून आणावे लागले. २०२२ साली ते ‘बयानात’ नौकेतून पुन्हा निघाले. या वेळी स्वयंसुकाणूचे सुटे भाग संपले, तेव्हा नौकेतील शौचालयाचे दारसुद्धा दुरुस्तीच्या कामी आले. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

२३/२३
मॉइतेसिए यांनी पाते बदलले, चिचेस्टर यांनी शिडाचे पाते केले, टॉमी यांनी दाराचे. नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे बदलायला काही उरले नाही, तेव्हा मूळ नौकाच उपयोगी पडली. ती सरळ चालू शकत होती, कारण कुलाब्यात कोणीतरी तिचा कणा नीट घडवला होता. विक्रमांच्या यादीत त्या सुतारांचा उल्लेख येत नाही. ऑस्ट्रेलियापासून फाल्मथपर्यंत ‘सुहैली’चे स्वयंसुकाणू म्हणजे त्यांचे काम होते, एवढी नोंद आपण ठेवू या.

धागा आवडला तर पुढे पाठवा. आपल्या घरात किंवा गावात होडी बांधणारे कोणी असतील, तर त्यांच्या आठवणी प्रतिसादात जरूर लिहा.