पावणेतीन किलोचं बाळ

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही लग्नात हे वाक्य ऐकू येतंच: "पोरगं मामावर गेलंय, त्यांच्याकडे अंगच तसं!" म्हणजे लठ्ठपणा रक्तातच आहे, विषय संपला.

पण हिशोब लावा. माणसाचे जीन्स दोन पिढ्यांत बदलत नाहीत. आजोबांच्या वर्गातली पोरं आणि आज शाळा सुटल्यावर वेफर्सचा पुडा फोडणारी पोरं, कोड जवळपास तोच. मग आउटपुट का बदललं? खाणं आणि मोबाइल ही कारणं आहेतच. पण अजून एक आहे, आणि ते जन्माआधीचं आहे.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळा कोड असतो, पण सगळा चालत नाही. मिथाइल नावाचा एक छोटा रासायनिक गट डीएनएला चिकटतो आणि बऱ्याचदा तो जीन गप्प होतो. आम्ही प्रोग्रॅमर लोक एखादी ओळ कॉमेंट करून ठेवतो ना, तसंच. अक्षरं जागच्या जागी, फक्त ती ओळ चालत नाही.

याचा पुरावा दुष्काळातून आला. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समधल्या शहरांत उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेली मुलं 19 वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीसाठी तपासली गेली. त्या नोंदी 1976 मध्ये अभ्यासल्या, तर आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त निघाला. पुढे 2008 मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्यांची त्यांच्या भावंडांशी तुलना केली. वाढीशी संबंधित आयजीएफ-2 या जीनवर मिथाइलच्या खुणा कमी होत्या. भूक कधीच संपली होती, खूण राहिली होती.

आता आपल्याकडे या. 1993 मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथल्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं 42 किलोच्या आसपास. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. सगळंच कमी असेल असं वाटेल. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, आणि पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चरबी मात्र बरीचशी टिकून होती. याला नाव पडलं 'थिन-फॅट बेबी'. दिसायला हडकुळं, आत चरबी.

ही चरबी मोठेपणीही सुटत नाही. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिनच्या अंगात 9.1 टक्के चरबी, याज्ञिकांच्या अंगात 21.2. मला तर हा फोटो अख्ख्या शोधनिबंधापेक्षा भारी वाटतो.

त्या गावांतल्या साठ टक्क्यांहून जास्त आयांना बी-12 कमी होतं. फोलेट बहुतेक सगळ्यांकडे पुरेसं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर, 2008 मध्ये निकाल आला: आईचं फोलेट जास्त तिथे मुलाच्या अंगात चरबी जास्त, आणि फोलेट जास्त पण बी-12 कमी असेल तिथे मुलाचं शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. शरीरात मिथाइल गट पुरवणारं चक्र या दोघांवरच चालतं, म्हणून संशय जीन्सच्या चालू-बंद होण्यावर गेला. संशयच म्हणतोय. आईचं ताट ते मुलाची चरबी, यातली प्रत्येक कडी अजून जोडलेली नाही.

आता खान्देशातलं ताट डोळ्यासमोर आणा. कळण्याची भाकरी, मेथी, डाळ, ठेचा. फोलेट मिळतं, बी-12 शून्य. ते दूध, अंडी, मटण, मासे यांतून येतं. घरचं दूध डेअरीला जातं, आणि सून सगळ्यांत शेवटी जेवायला बसते. म्हणून आईला दोष देणारे मला पटत नाहीत. ती 42 किलोची बाई आधी कुणाची तरी अर्धपोटी वाढलेली मुलगी होती.

याज्ञिकांच्या टीमने नेमकं तिथेच हात घातला. 1993 नंतर जन्मलेली ती बाळं वयात आली, तेव्हा 2012 मध्ये 'प्रिया' नावाची चाचणी सुरू झाली. लग्न आणि मूल होण्याच्या आधीच त्यांतल्या काहींना रोज बी-12 च्या गोळ्या, मुलींना आणि मुलांनाही. आता त्यांची बाळं आलीत, आणि त्याच गावांत तिसऱ्या पिढीची मापं घेणं चालू आहे.