ऑफ-पिस्ट स्कीइंग : युरोप आणि उत्तर अमेरिकेतील धोके

आखलेल्या, यंत्राने सपाट केलेल्या स्की-मार्गाला युरोपात ‘पिस्ट’ म्हणतात. त्याबाहेरच्या बर्फावर स्की करणे म्हणजे ऑफ-पिस्ट. तुम्ही किंवा घरचे कोणी जाणार असाल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या : सुरक्षित हद्द दोन्हीकडे एकाच ठिकाणी संपत नाही.

युरोप (आल्प्स)

येथे सर्वसाधारणपणे फक्त आखलेले मार्ग हिमस्खलनापासून सुरक्षित ठेवले जातात. डोक्यावरून लिफ्ट जात असली, तरी खुणेच्या खांबापलीकडे जबाबदारी तुमचीच असते. शामोनीसारख्या ठिकाणी हिमनदीवरील खोल भेगा बर्फाखाली लपलेल्या असतात. म्हणून स्थानिक गाइड सोबत घ्या.

उत्तर अमेरिका

रिसॉर्टच्या हद्दीतील खुले, सपाट न केलेले उतारही गस्ती पथक तपासते आणि गरज पडल्यास स्फोटकांनी सैल बर्फ आधीच पाडते. धोका कमी होतो, संपत नाही. हद्दीबाहेर मात्र ही व्यवस्था नसते. अमेरिकेत सवय झालेले लोक आल्प्समध्ये नेमके इथेच फसतात.

अमेरिकेतील बऱ्याच उतारांवर दाट झाडी असते. बुंध्याभोवतीच्या भुसभुशीत खड्ड्यात डोके खाली करून पडल्यास माणूस काही मिनिटांत गुदमरू शकतो. जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका.

उंचीचाही फरक आहे. शामोनी गाव सुमारे 1,035 मीटरवर, तर कोलोरॅडोतील ब्रेकेनरिज सुमारे 2,900 मीटरवर आहे. तिथे पहिल्या रात्रीच डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

हिमस्खलनात काय होते?

पूर्ण गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा मृत्यू बहुतेक वेळा गुदमरून होतो. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले बहुसंख्य लोक वाचतात. अर्ध्या तासानंतर ही शक्यता खूपच घटते. कॅनडात झाडे-खडकांवर आदळून झालेल्या इजांमुळेही बरेच मृत्यू होतात. हेलिकॉप्टर यायला वेळ लागतो, त्यामुळे जीव वाचवतात ते सोबतीच.

तयारी

• प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, फावडे आणि शोधकाठी हवी. ट्रान्सीव्हर दोन्हीकडे 457 किलोहर्ट्झवरच चालतात. वापराचा सराव करा.
• हिमस्खलनाचा अंदाज रोज वाचा. 5 पैकी 3 हा स्तर ‘मध्यम’ समजू नका. या स्तरावरही अनेक जीवघेणे अपघात होतात.
• विम्यात ऑफ-पिस्ट आणि बचावकार्याचा खर्च येतो का, ते पाहा.

प्रथमोपचार

1. मदत मागवा : युरोपात 112, अमेरिका व कॅनडात 911. एकाने फोन करताना बाकीच्यांनी शोध सुरू ठेवावा.
2. आधी डोके आणि छाती मोकळी करा. तोंडातला बर्फ काढा.
3. श्वास नसेल तर प्रथम 5 कृत्रिम श्वास द्या, मग सीपीआर सुरू करा. इथे मूळ कमतरता ऑक्सिजनची असल्याने नुसती छाती दाबणे पुरत नाही.
4. शरीर गार लागले म्हणून मृत समजू नका. वैद्यकीय पथक येईपर्यंत, जोपर्यंत तुम्ही स्वतः सुरक्षित आहात तोपर्यंत, प्रयत्न चालू ठेवा.

पूर्ण गाडली गेलेली व्यक्ती शुद्धीवर असली, तरी तिची रुग्णालयात तपासणी करून घ्या. खोकला किंवा धाप असल्यास अजिबात उशीर करू नका.